पेनिअमिनाचं रविवारचं ताट

जळणारा माणूस कसा दिसतो, हे मला विचारा. उभी हयात मी या सवाई बेटावरच्या गावागावांत सोंगाड्याची कामं केली. सवतीवर जळणारी बायको, भावावर जळणारा भाऊ, सगळे करून झाले. लोक हसून हसून चटईवर लोळायचे. पण पेनिअमिनाइतकं मन लावून जळणारं पात्र मला रंगमंचावर कधी मिळालं नाही.

आणि माणूस किती सज्जन. तो आमच्या गावची बस चालवायचा. देवाची सेवा फक्त देवळात गाणी म्हणून होत नाही, हातातलं काम नीट करणं हीसुद्धा सेवाच, असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब सांगायचे. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी गेलो. पेनिअमिनाने ते खरं मानलं. म्हातारी बाई टोपली सावरत लांबून येताना दिसली की तो गाडी थांबवायचा, आणि आतली पोरं ओरडली तर आरशातून नुसता बघायचा. तंबाखू सोडली. शनिवारचं क्रिकेटही सोडलं, आणि हे सोपं नव्हतं. त्याने मारलेला चेंडू समुद्रात जायचा, तो काढायला होडी न्यावी लागायची.

शनिवार सोडला तो रविवारच्या ताटासाठी. दुपारभर मळ्यात फिरून तो अळूची कोवळी पानं निवडायचा. उजाडायच्या आत दगड तापत घालायचा, जून नारळ खवून घट्ट दूध पिळायचा, त्यात कांदा आणि मीठ. मग पानांत ते दूध भरून, वर केळीचं पान गुंडाळून, झावळीच्या पातीने दोन फासे देऊन पुरचुंडी बांधायचा. तापल्या दगडांवर ती शिजली की आत जे व्हायचं, त्याला आमच्याकडे पालूसामी म्हणतात. मी त्याच्या हातचं खाल्लंय. डोळे मिटतात.

उपासना सुटली की घराघरांतून पाळकांकडे ताटं जातात. संध्याकाळच्या उपासनेत पाळकसाहेब आभार मानतात. आणि दर रविवारी ते म्हणायचे, "मातायोच्या घरची उकडलेली केळी फार छान होती. बाकीच्या घरांचेही आभार."

बाकीच्या घरांचे. तो शब्द पेनिअमिनाच्या पाठीत कुठे बसायचा, ते मला मागच्या बाकावरून दिसायचं.

मातायो म्हणजे बिनलग्नाचा, आईला सांभाळणारा, मळ्यात जेमतेम राबणारा माणूस. कच्ची केळी सोलून उकडणार, संपलं.

"काका, केळ्यांत काय घालतो हो तो?" पेनिअमिनाने मला एकदा बसमध्ये विचारलं.

"पाणी."

"ते कळलं. आणखी काय?"

"आणखी पाणी."

त्याची बायको लोसा त्याला समजवायची. "अहो, देवासाठी करता ना? मग देवाला आवडलं असेल की."

"देव जेवत नाही, लोसा. पाळक जेवतात."

पुढे पुढे ते वाढलं. एक दिवस मातायो रस्त्यात हात करून उभा होता आणि म्हाताऱ्यांसाठी थांबणारी ती बस त्याच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. त्या रात्री पेनिअमिनाने गुडघे टेकून क्षमा मागितली म्हणे. सकाळी पुन्हा तसाच काळवंडलेला. शेवटी त्याने लोसाला सांगून टाकलं, "या रविवारी माझं नाव आलं नाही तर ताट बंद. मी आपला पुन्हा क्रिकेट खेळेन."

त्या रविवारी ताट पोचवून तो घरी गेलाच नाही. पाळकांच्या मागच्या अंगणात नीरफणसाचं झाड आहे, त्याच्याआड उभा राहिला. आपल्या ताटाचं काय होतं ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. थोड्या वेळाने पाळकबाई मागच्या बाजूने बाहेर आल्या. हातातल्या वाडग्यात त्याच्याच पुरचुंड्या. बाई थेट मातायोच्या घराकडे चालू लागल्या. हा मागोमाग.

मी मातायोकडेच बसलो होतो. त्याच्या आईला, फोतूला, अंथरुणावरून उठवत नाही. जेवणाआधी मी तिला माझी जुनी सोंगं करून दाखवतो. पाळकबाई वाडगा ठेवून गेल्या. मातायोने पुरचुंडी सोडायला घेतली आणि मी ते दोन फासे ओळखले. मान वर केली, तर समोर माडाच्या बुंध्याला धरून पेनिअमिना उभा. आमच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब आणि वर छप्पर. रंगमंचासारखं सगळं उघडं. मातायोलाही तो दिसला.

जेवायला बसलेल्याने समोरून जाणाऱ्याला हाक मारायची आणि हाक आली की यायचं, ही आमची रीत. मोडली तर अपमान.

"पेनिअमिना, ये रे, जेवायला ये."

तो आला. मांडी घालून बसला. चेहरा असा, की माझ्या तरुणपणी मला तो मिळाला असता तर मी राजधानीपर्यंत गाजलो असतो.

मातायोने त्याच्यापुढे एक पुरचुंडी ठेवली. "घे, पालूसामी आहे. पाळकबाई आईसाठी मुद्दाम करून आणतात. पाळकसाहेबांना डॉक्टरांनी नारळ बंद केलाय ना, पोटाचं दुखणं. बिचारे माझी केळी खाऊन राहतात. तुझ्या हातचं गावात सगळ्यात भारी असतं म्हणे, पण आमच्या वाट्याला कुठलं?"

पेनिअमिना माझ्याकडे बघत राहिला. मी छपराकडे.

फोतू बोटाने चाटून खात होती. दात नाहीत, आठवडाभर पेजेवर असते, पण रविवारचा वाडगा पुसून ठेवते. "पाळकबाईंच्या हाताला चव आहे," ती म्हणाली. "देव त्यांचं भलं करो."

पेनिअमिनाचं तोंड उघडलं. आता हा सांगणार, मला वाटलं. सांगितलं असतं तरी कोण दोष देणार होतं?

"मीठ मात्र जरा जास्त टाकतात," फोतू म्हणाली.

त्याने पुरचुंडीतलं बोटावर घेऊन चाखलं, स्वयंपाकी चाखतो तसं, डोळे बारीक करून.

"हो आजी," तो म्हणाला. "जास्तच झालंय."

संध्याकाळी पुन्हा केळ्यांचे आभार. पेनिअमिनाची पाठ हलली नाही.

पुढच्या शनिवारी मैदानावर त्याची वाट बघून पोरांनी खेळ सुरू केला. तो मळ्यात होता. सोमवारी सकाळी बस मातायोसमोर नीट थांबली. तो मागे जाऊन बसला. मी चढलो तसा पेनिअमिनाने आरशातून विचारलं, "काका, काल म्हातारी काही बोलली?"

"बोलली."

"मिठाचं?"

"म्हणाली, पाळकबाई सुधारल्या."

तो गियर टाकत पुटपुटला, "त्या बाईंना साधं नारळाचं दूध पिळता येत नाही हो, काका."