मागून येणारी सायकल

पक्षाघातानंतर डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला रोज चालायला सांगितलं होतं. अमेरिकेतल्या नोव्हाय गावात आमच्या घरापासून लायब्ररीपर्यंत सरळ साइडवॉक, म्हणजे फुटपाथ, आहे, तेवढंच आम्ही जायचो. यांच्या डाव्या हातात काठी, उजवा पाय जरासा ओढत, आणि उजवीकडून त्यांचा दंड धरून मी. डाव्या हाताला गवताची अरुंद पट्टी, तिच्यापलीकडे रस्ता. त्यावरून गाड्या नुसत्या सुसाट जातात.

त्या दिवशी हे खुशीत होते. जुन्या ऑफिसातल्या बॉसची नक्कल करत होते. तेवढ्यात मागून एका सायकलवरून आवाज आला, "ऑन युवर लेफ्ट!"

म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढे जातेय, तुम्ही आहात तिथेच राहा. यांना त्यातलं फक्त 'लेफ्ट' ऐकू आलं. वाट द्यायची म्हणून हे डावीकडे सरकले. मी दंड ओढला, पण तोवर तोल तिकडे गेला होता.

आम्हाला चुकवायला सायकल गवतात शिरली आणि आडवी झाली. पुढचं चाक रस्त्यात गेलं. मागून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक दाबला, लांबलचक हॉर्न वाजवला आणि तो बाजूने निघून गेला.

सायकलवर विशीतली एक अमेरिकन मुलगी होती. तिचं कोपर सोलवटलं होतं. ती उठली ती रागातच.

"मी लेफ्ट म्हणाले होते."

"म्हणून तर मी लेफ्टला आलो," हे म्हणाले. आजारपणापासून जीभ अडखळायची, आता तर एकेक शब्द तुटत बाहेर पडत होता.

माझं डोकं तापलं. "हा साइडवॉक चालणाऱ्यांसाठी आहे. सायकल तिकडे रस्त्यावर चालवायची."

ट्रक गेला त्या दिशेला तिने हात केला. "तिकडे? तुम्ही चालवाल?"

तिचं लक्ष यांच्या पायाकडे गेलं, मग हातातल्या काठीकडे. "हे ठीक आहेत ना?" तिने हळूच विचारलं. यांनी खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिने तो कोपराला गुंडाळला आणि सायकल हाताने ढकलत ती गेली.

त्यानंतर हे बाहेर पडेनात. आमचा मुलगा फोनवर म्हणाला, "डॅड, जस्ट स्टे ऑन द राइट." यांनी फोन माझ्याकडे दिला.

"अहो, चला ना. पाय आखडेल."

"नको. ती पोर त्या ट्रकखाली गेली असती गं."

हे पडायला घाबरले असतील, असं मी धरून चालले होते.

बऱ्याच मिनतवारीने पुन्हा निघालो. मी सारखी मागे वळून बघायचे. पानं सळसळली तरी यांचा दंड ताठ व्हायचा. एके सकाळी लांबून घंटी वाजली, आणि मग त्याच मुलीचा आवाज.

"सर, मी मागे आहे. सायकलवरून उतरलेय. तुम्ही उभे राहा, मी चालत पुढे जाते."

आम्ही उभे राहिलो. सायकल धरून ती शेजारून गेली, तेव्हा मी यांचा दंड घट्ट धरला होता. पुढे जाऊन तिने मान हलवली आणि ती सायकलवर बसली.

"सावकाश जा गं," हे मराठीतच म्हणाले.

मग आम्ही चालू लागलो. दंडावरची माझी पकड काही सैल झाली नाही. सगळेच सायकलवाले थोडेच उतरणार होते?