दोन साक्षीदारांचा वर्ग

शाळेत होते तेव्हा किस्से स्टाफरूममध्येच जिरायचे. मधल्या सुट्टीत एक सांगितला की चार हसायचे, घंटा झाली की विषय संपला. आता रिटायर झाले, स्टाफरूम गेली, घंटाही गेली. पण किस्से काही थांबत नाहीत. मग ते साठतात आणि तुमच्यासारखं कुणी चहाला आलं की बाहेर पडतात!

झालं असं, की आमच्या चर्चमधल्या तीन आयांनी ठरवलं, मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवायचं. मला म्हणाल्या, "टीचर, इतिहास तुम्ही घ्या. आपल्या विश्वासाला धरून." मी तोंडावरच म्हटलं, "घरी शाळा? मग शाळेत काय, स्वयंपाक करायचा?" आणि पुढच्याच गुरुवारी खडू घेऊन हजर झाले. सवय वाईट असते.

वर्ग नाशिकलाच, शरणपूर रोडजवळ, त्या तिघींतल्या सुनीताच्या हॉलमध्ये. मुलं पाच. सुनीताची रूथ दहा वर्षांची. शाळेत होती तेव्हा साठ मुलांच्या वर्गात तिने वर्षभर तोंड उघडलं नव्हतं, म्हणून तिला घरी आणलेलं. हे तिच्या आजोबांना, भास्कररावांना, अजिबात मान्य नव्हतं. सिन्नर तालुक्यात उभी हयात तलाठी म्हणून काढलेला माणूस. दाखला नाही, हजेरीपट नाही, ही कसली शाळा? पहिल्याच दिवशी मला बजावलं, "जूनपर्यंत बघतो टीचर. नाहीतर पोरगी सरळ शाळेत."

आणि गॅलरीत पेपर उघडून बसले. दर गुरुवारी. पान मात्र उलटायचे नाहीत.

* * *

पहिल्या धड्याला मी नियम सांगितला. "एकट्याच्या सांगण्यावरून कुणाला दोषी धरू नये, दोन-तीन साक्षीदार हवेत, असं आपल्या शास्त्रात आहे. इतिहासालाही तेच. एकाने सांगितलं ती गोष्ट. दोघांनी सांगितलं की वहीत."

दुसऱ्या दिवशी अभिषेकच्या आईचा फोन. अभिषेक म्हणजे आमचा नऊ वर्षांचा वकील.

"टीचर, काय शिकवलंत हो? दूध सांडलं. मी म्हटलं, तूच सांडलंस. तर म्हणतो, साक्षीदार कोण?"

"मग?"

"मी म्हटलं, वरून देव बघतोय!"

"मग तर कबूल झाला असेल."

"कुठला! म्हणतो, मम्मी, तो एक झाला. तू तर किचनमध्ये नव्हतीस!"

* * *

एकदा पांडवलेण्याला सहल नेली. पायऱ्या चढून मुलं दमली. मी सांगितलं, ही बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली लेणी. खर्च राजांनी दिला, तसा साध्यासुध्या माणसांनीही दिला, आणि त्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. अभिषेक बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत होता.

खाली येऊन डबे उघडले. प्रार्थनेची पाळी अभिषेकची. म्हणाला, "प्रभू, ही लेणी खोदणाऱ्यांचे हात फार दुखत असतील. त्यांना आराम दे. आमेन."

मी म्हटलं, "अरे, त्यांना जाऊन दोन हजार वर्षं झाली!"

"टीचर, देवाला काय, तो तेव्हाही होताच ना? तेव्हाच ऐकून घेतली असेल!"

एकतीस वर्षं इतिहास शिकवला, पण काळाबद्दल इतका बिनधास्त माणूस मला भेटला नव्हता. मी गुपचूप थेपला खाल्ला.

* * *

काळाचंच निघालं म्हणून सांगते. हॉलमध्ये आम्ही एक दोरी बांधली होती. एक टोक स्वयंपाकघराच्या दाराला, म्हणजे आज. दुसरं खिडकीच्या गजाला. कपड्यांचे चिमटे लावून एकेक काळ टांगायचा. मधोमध लाल चिमटा, येशूचा जन्म. प्रश्न आला सृष्टीच्या आरंभाचा. तो कुठे टांगायचा?

कुणी म्हणालं, गजाला. अभिषेक म्हणाला, "छे! तेव्हा खिडकी तरी होती का?" आणि दोरी सोडून त्याने खिडकीबाहेर नेली, थेट कंपाउंडमधल्या शेवग्याला बांधली.

मलाही पटलं. पुढच्या गुरुवारी बघते तर काय, सृष्टीच्या आरंभावर शेजारच्या काकूंचा टॉवेल आणि दोन परकर!

गॅलरीतला पेपर गदागदा हलत होता. भास्करराव पहिल्यांदा हसले ते त्या दिवशी.

* * *

पण रूथ? ती सगळं ऐकायची, वहीत सुबक अक्षरात लिहायची, आणि गप्प. ऑक्टोबर गेला, ख्रिसमस गेला. जून जवळ येत होता आणि खरं सांगते, मी एकेक गुरुवार मोजायचे. ही पोरगी परत साठांच्या वर्गात जाऊन बसली तर पुन्हा कधी बोलायची?

त्या दिवशी इंग्रजांचं राज्य चाललं होतं. अभिषेक उठला. "टीचर, इंग्रज पण ख्रिस्ती होते ना? मग त्यांनी आपल्यावर जुलूम का केला?"

शाळेत हा प्रश्न 'पोर्शन बाहेरचा' म्हणून सुटला असता. इथे पोर्शनच नाही!

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "ख्रिस्ती होते, पण ऐकत नव्हते. मी पण नाही ऐकत कधी कधी."

रूथ! मला तिथेच रडू आलं, ते मी खडूच्या धुळीवर ढकललं. गॅलरीतला पेपर खाली आला आणि बराच वेळ खालीच राहिला.

* * *

मग मी घरचा इतिहास लिहायला दिला. विषय एकच, आपलं घराणं ख्रिस्ती कसं झालं.

रूथच्या घरी उत्तर तयारच होतं. चर्चच्या दर वर्धापनदिनी भास्करराव उभे राहून सांगायचे. त्यांचे आजोबा बैलगाडी घेऊन नाशिकच्या बाजाराला आले, गोदेकाठी उपदेश ऐकला आणि तिथेच मन बदललं. बायको महिनाभर रडली, शेवटी नवऱ्यामागे तीही आली. इथे चर्चमध्ये रुमाल निघायचे. चाळीस वर्षं!

रूथने लिहून घेतलं. मग म्हणाली, "आजोबा, हे एकाचं झालं."

चर्चच्या पाळकसाहेबांनी कपाटातली बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही काढून दिली. रूथला खापरपणजोबा सापडले. आणि त्यांच्या तीन पानं आधी सापडली खापरपणजी. दोन वर्षं आधीची नोंद!

बुधवारी तिने आजोबांना सांगितलं. भास्करराव ताडकन म्हणाले, "नोंद चुकीची असेल!" आणि आपल्याच तोंडून हे शब्द ऐकून गार पडले. तलाठी होते ना.

दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन चर्चमध्ये गेले. शाई बघितली, अक्षर बघितलं, पानांचे आकडे बघितले. तासाभराने बाहेर आले आणि मला एवढंच म्हणाले, "खाडाखोड नाही." वर्गाबद्दल अवाक्षर नाही. मी समजले, जूनमध्ये रूथ परत साठांच्या वर्गात.

रविवारी वर्धापनदिन. भास्करराव माइकपाशी गेले. बैलगाडी निघाली, बाजार आला, गोदाकाठ आला. बायांनी रुमाल काढले. आणि ते थांबले. चष्मा पुसला. म्हणाले, "पुढचं रूथ सांगेल."

साठ मुलांपुढे न बोललेली पोर, इथे तीनशे माणसं! ती गेली. माइक उंच होता, तिने तो खाली ओढला. दोन्ही नोंदी तारखेसकट वाचल्या आणि म्हणाली, "म्हणजे आधी त्या आल्या. ते मागून आले."

तेवढ्यात बायकांच्या बाकांवरून शांताबाईंचा, म्हणजे रूथच्या आजीचा, आवाज. "बराबर हाय. मला सासूबाईंनी सांगितलं व्हतं. रडत व्हता तो म्हातारा, बाई नाय!"

भास्करराव माइकवरूनच ओरडले, "अगं, मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इचारलं कधी?"

पाळकसाहेबसुद्धा पोट धरून हसले. भास्करराव मात्र हसले नाहीत, खाली मान घालून जागेवर जाऊन बसले. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन.

"टीचर, गुरुवारी वर्गात एक खुर्ची जास्त मांडायची का?"

"कुणासाठी? आणि रूथ...?"

"रूथ आहेच हो. जूनमध्येही आहे, पुढेही आहे. खुर्ची हिच्यासाठी. कालपासून बसल्या बसल्या एकेक आठवतंय म्हणते." मग आवाज एकदम खाली आला. "सुरुवात आमच्या लग्नापासून करणार आहे!"