घरच्याची डहाळी

पोलादपूरहून वर उंबरकोंडला यायचं तर गाडी शाळेपाशी थांबते आणि पुढचा सगळा मामला पायांवर असतो. वाडीचं शेवटचं घर ओलांडलं की जांभळीखाली एक धोंडा लागतो. त्याला म्हातारबा म्हणतात. ना नाक ना डोळे, शेंदूरही कुणी धड लावलेला नाही. पण त्याला न विचारता परका माणूस वरच्या तळ्याकडे जात नाही. जाताना जांभळीची एक डहाळी तोडायची, धोंड्याच्या खाचेत खोवायची आणि उतरताना आपली आपण काढून ओढ्यात टाकायची. पूर्वी घाटावरून बैल घेऊन येणारे व्यापारी असंच करत. दिवस मावळताना खाचेत डहाळी उरली, की कुणीतरी वर अडकलंय असं वाडी समजायची आणि माणसं शोधायला निघायची.

वाडीतल्या माणसानं मात्र डहाळी ठेवायची नसते. म्हातारबा आपल्या लेकरांना ओळखतो, त्यांनी त्याला वेगळी ओळख कशाला द्यायची, असा त्यामागचा विचार. कुणी केला देव जाणे, पण केला आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोडला नाही.

मैना या वाडीत नांदायला आली ती सव गावाहून, सपाटीवरून. लग्नाच्या वर्षी सासूबरोबर पहिल्यांदा गवताला वर गेली तेव्हा तिनंही डहाळी ठेवली होती. उतरताना सासूनं ती स्वतःच्या हातानं उपटली, ओढ्यात भिरकावली आणि म्हणाली, "आता तू आमची. परत ठेवायची नाय." सासू तशी तोंडाची फाटकी, सुनेला कधी गोड बोलली नाही. तेवढं एक वाक्य मैनेनं जन्मभर उराशी धरलं. कुणी माहेर विचारलं की ती आधी ही डहाळीची गोष्ट सांगायची.

नवरा हैबती अबोल, म्हशींशी जास्त बोलणारा. मुलगा एकच, राहुल. तो नालासोपाऱ्याला एका गोदामात कामाला लागला आणि तिथून त्यानं गावच्या तळ्याचे फोटो मोबाइलवर टाकले. भादव्यात तळ्याभोवतीचा सगळा सडा, तो कातळाचा माळ, सोनकीच्या फुलांनी पिवळा होतो, मधे काळं पाणी, पलीकडे एकदम तुटलेला कडा. ते पाहून शहरातली माणसं रविवारी यायला लागली. त्यांना वाट कोण दाखवणार? हैबतीला त्यांची बडबड सहन होईना. मग मैनाच पदर खोचून पुढे झाली. बघता बघता ती वाट दाखवणारी मैनाताई झाली. पाहुण्यांच्या पांढऱ्या बुटांची थट्टा करावी, धापा टाकणाऱ्याला "बसा, डोंगर कुठं पळून जात नाय" म्हणून धीर द्यावा, आणि घरी आणून भाकरी, कुळथाचं पिठलं वाढावं. ही बाई खरं म्हणजे या कामासाठीच जन्माला आली होती, फक्त काम उशिरा सापडलं.

म्हातारबाची डहाळी पाहुण्यांना फार आवडायची. फोटो काढायचे, हसायचे. मैना हसू द्यायची, पण उतरताना धोंड्याशी उभी राहून प्रत्येकाला आपापली डहाळी काढायला लावायची. खाच रिकामी झाली की तिचा जीव भांड्यात पडायचा.

त्या वर्षी पाऊस सरता सरत नव्हता. गणपती गेले तरी धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. म्हशी तळ्यात बसेनाशा झाल्या. काठाशी जायच्या, पाणी हुंगायच्या आणि माघारी फिरायच्या. पाण्यावर तांबूस साय आली होती. हैबतीनं एके दिवशी काठी टोचत कड्याकडची बाजू पाहिली आणि घरी येऊन, न विचारता, बायकोला सांगितलं की कड आतून खाल्लेली आहे. वर गवत आहे, सोनकी आहे, पण खाली खडक मागेच संपलाय. करवंदीच्या जाळीपुढे कुणाला जाऊ देऊ नकोस. अबोल माणूस इतकं बोलला याचीच मैनेला धास्ती वाटली. दर खेपेला ती जाळीशी आडवी उभी राहायला लागली.

राहुल गौरीगणपतीला आला होता. सुट्टी संपली त्या रविवारी मोठा गट येणार होता. आईला मदत म्हणून तोही वर निघाला. उतरल्यावर पाहुण्यांच्याच गाडीतून पोलादपूर गाठायचं आणि तिथून मुंबईची एस.टी. धरायची असा बेत. सकाळीच मैनेनं त्याची बॅग पाहुण्यांना घेऊन आलेल्या चंदू ड्रायव्हरच्या गाडीत ठेवून दिली. बॅगेत तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि नाचणीचं पीठ.

म्हातारबाशी पाहुण्यांच्या डहाळ्या खोवून झाल्या. राहुलनंही एक तोडली आणि हसत खाचेकडे हात नेला.

"आये, मी पन आता पाहुनाच. वर्षातनं चार दिवस येतो. माझी पन ऱ्हाऊ दे."

पाहुणे हसले. मैनेच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सासूनं दिलेलं ते एकुलतं एक वाक्य पोरानं चारचौघांत पायदळी तुडवल्यासारखं तिला वाटलं. तिनं डहाळी त्याच्या हातातून हिसकावली आणि लांब फेकली.

"घरच्याची डहाळी ठेवत नाय. मुंबईला जाऊन परका झालास काय रे?"

राहुल मागे सरकला. पुढे वाटभर तो गटाच्या शेवटी चालला आणि ती पुढे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

वर सगळं ठीक होतं आणि तरी ठीक नव्हतं. वारा पडलेला. पाण्यावर एक किडा नाही, आभाळात एक घार नाही. पाहुणे कुजबुजत बोलत होते, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुपार कलायच्या आत धुकं दरीतून वर चढलं, आधी कडा गेला, मग करवंदीची जाळी, मग तळं. मैनेनं हाका घालून माणसं गोळा केली आणि सगळ्यांना मेंढरांसारखं पुढे घालून उतरायला लावलं. धुक्यात लांबट झालेल्या रांगेत राहुल कुठे आहे ते दिसत नव्हतं. रुसून तो पहिल्या तुकडीबरोबर पुढे गेला असणार, असं तिनं धरलं.

धोंड्याशी एकेक जण आला, डहाळी काढून गेला. अनुष्का नावाची एक मुलगी शेवटची. तिनं आपली काढली आणि खाच रिकामी झाली.

"सगळी उतरली," मैनेनं खाली अंगणातल्या हैबतीला ओरडून सांगितलं.

शाळेपाशी गाडी सुटल्याचा आवाज घरापर्यंत आला. पोरगा न भेटता गेला याचं तिला वाईट वाटलं, रागही आला. रुसलाय तर रुसू दे, पोलादपुरातून फोन करील. फोन आला नाही. ती अबोला धरून बसली. आपणही लावायचा नाही. रात्री मात्र एकदा लावून पाहिला, तर तो बंद होता. एस.टी.त झोपला असेल, असं म्हणून तिनं कूस बदलली.

सकाळी अंगणात झाडू मारत होती तेव्हा चंदू वर आला. त्याच्या हातात बॅग होती.

"काकी, राहुल ब्याग गाडीतच इसरला की. मला वाटलं, त्यानं मुक्काम वाढवला."

मैनेनं बॅगेकडे पाहिलं. चटणीचा वास येत होता. हातातला झाडू तिनं खाली ठेवला, अगदी हळू, आणि मग ती अशी धावली की लुगडं सावरायचंही भान नव्हतं. हैबती, चंदू, वाडीतले बाप्ये मागून निघाले आणि तिला ओलांडून पुढे गेले.

म्हातारबाशी ती थांबली. खाच रिकामी होती, कालच्यासारखीच. तिनं जांभळीची डहाळी तोडली. ती खाचेत बसता बसेना. हैबती वरून हाक मारत होता, चल म्हणत होता.

"ह्याची ठेवायची ऱ्हायली व्हती," ती म्हणाली, आणि डहाळी दाबून बसवली.

करवंदीच्या जाळीपलीकडे सोनकीचा एक तुकडा नव्हताच. जागा ताजी लाल होती. खाली खोल, दगडांत राहुल पडला होता, आणि त्याच्या मुठीत एक लाल रेनकोट होता. नंतर उलगडलं ते असं: मैनेची नजर चुकवून जाळीपलीकडे गेलेल्या कुणी पाहुण्यानं फोटोसाठी काढलेला तो रेनकोट कडेच्या झुडपावर तसाच राहिला होता. धुक्यात तो पाठमोऱ्या बसलेल्या माणसासारखा दिसला असणार. मागे कुणाला सोडून उतरायचं नाही, हे आईनंच शिकवलेलं. तो त्या माणसाला आणायला गेला. रेनकोट ज्याचा होता त्याला तो हरवल्याचं मुंबईला पोचेपर्यंत कळलंही नव्हतं. महाडचे डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ धुगधुगी असावी. हे त्यांनी हैबतीला बाजूला घेऊन सांगितलं, पण मैनेनं ऐकलं.

कड्यावरून त्याला वर घेता येईना. दोर टाकणारी मुलं महाडहून आली, त्यांनी त्याला दरीतून खालच्या रस्त्याला काढलं. तिथून ॲम्ब्युलन्स, दवाखाना आणि मग गाडीरस्त्यानं शाळेपर्यंत. म्हातारबाच्या वाटेनं तो उतरलाच नाही.

वर्षभर मैनेनं डोंगराकडे पाठ केली. मग पुन्हा भादवा आला, पुन्हा माणसं आली, आणि ती उठली. आता ती करवंदीच्या बऱ्याच अलीकडे सगळ्यांना थांबवते. थट्टा करत नाही. गवताला जाणाऱ्या बाया, गुरं नेणारी पोरं, हैबती, कुणीही असो, डहाळी ठेवल्याशिवाय ती वर सोडत नाही. म्हातारी माणसं कुरकुरली, रीत मोडली म्हणाली. आता मात्र सगळेच ठेवतात. ती स्वतःही ठेवते, आणि उतरताना काढते.

खाचेच्या एका कोपऱ्यात एक काटकी आहे, पानं केव्हाच गळून गेलेली. उतरताना सगळ्या हिरव्या डहाळ्या निघाल्या की ती तेवढी उरते. परवा कुणीतरी कचरा समजून तिला हात घातला, तशी मैनेनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या ती. माझ्या राहुलची हाय. तो अजून उतरला नाय."