आधार विचारणाऱ्या बाई

पुराव्याशिवाय काहीही मान्य न करणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते म्हणजे गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथालयात पुस्तकांची यादी सांभाळणाऱ्या बाई. भाजीवाल्यानं मेथी आजची आहे म्हटलं तर त्या "कशावरून?" असं विचारत, आणि तो बिचारा जुडी उलटी करून मुळं दाखवी. बोलत त्या कायम कुजबुजत. ग्रंथालयातली शांतता त्यांच्या गळ्यात इतकी मुरली होती, की बाहेर रस्त्यावर ट्राम खडखडत असतानाही त्यांचा आवाज चढत नसे, समोरच्यानं "काय म्हणालात?" विचारलं की तेच वाक्य तितक्याच हळू पुन्हा सांगत. लग्नपत्रिका आली की लग्नाला जायच्या आधी तिच्या कोऱ्या बाजूच्या चार चिठ्ठ्या कापून ठेवत. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस होते आणि बाई कट्टर होत्या. शिवाजी पार्कवरच्या सभांना न चुकता जात, घोषणाही देत. त्या शेजारच्यालासुद्धा ऐकू येत नसत, ही गोष्ट वेगळी. एकदा एका वक्त्यानं भाषणाच्या भरात मुंबईच्या इतिहासातलं एक साल चुकीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला पोस्टकार्ड टाकलं, की साल दुरुस्त करून घ्यावे, मागणीस पाठिंबा आहेच.

मी कॉलेजात नवा होतो. नायगावच्या बीडीडी चाळीतून कॉलेजात जाणारा आमच्या घरातला पहिलाच, त्यामुळे ग्रंथालयात कसं वागायचं हे विचारणार कोणाला? वार्षिक अंकासाठी निबंध लिहायचा होता. मी बाईंच्या टेबलापाशी जाऊन म्हणालो, "मुंबईवर एखादं चांगलं पुस्तक द्या." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मुंबई केवढी आहे, बघितली आहेस का? कुठली मुंबई, कधीची, कोणाची? चौपाटीपर्यंत चालून ये आणि मग सांग." मी खरंच चालून आलो. दोनदा परत गेलो, तिसऱ्यांदा म्हणालो, "गिरणीत आलेली माणसं पहिल्यांदा कुठल्या खात्यात लागली आणि का, ते मला शोधायचंय." तेव्हा कुठे बाई उठल्या, कार्डांचा एक लांबलचक खण बाहेर ओढला आणि कुजबुजल्या, "आता प्रश्न झाला. बस."

पुढचे दोन महिने मी त्यांच्या हाताखाली अक्षरशः घाम गाळला. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, खाली पुस्तक, पान, आणि सांगणाऱ्याला ते कळलं कसं, हेही लिहायचं. पहिल्या आठवड्यात मी चाळीस चिठ्ठ्या मोठ्या ऐटीत पुढे ठेवल्या. एकीवरही पानाचा आकडा नव्हता. बाईंनी त्या रबरबँड लावून परत केल्या आणि म्हणाल्या, "सगळी पोरकी वाक्यं आहेत. ज्याची त्याला घरी पोचवून ये." मला इतका राग आला की त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत त्यांना मनातल्या मनात शिव्या देत होतो.

निबंधात एक परिच्छेद मात्र पुस्तकातला नव्हता. माझे वडील गिरणीत सूतखात्यात होते, आणि विणकामात आमच्या जातीच्या लोकांना घेत नसत, कारण मागावरच्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, हे त्यांनी मला सांगितलं होतं. मुलगा आपलं सांगणं छापणार, हे ते चाळभर सांगत फिरत होते. वार्षिक अंकाचं काम पाहणाऱ्या सरांनी निबंध वाचला, चांगला म्हणाले, आणि त्या परिच्छेदावर काट मारली. "हे मी कुठे वाचलेलं नाही. वडील हा काही आधार होत नाही. हा भाग काढा, नाहीतर निबंध घेता येणार नाही." घरी हे सांगायचं कसं ते कळेना, म्हणून मी घरी न जाता ग्रंथालयात गेलो.

बाईंना सांगितलं. माझ्याकडे असलेल्या पुस्तकांत ते नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "वडील रविवारी घरी असतात का?"

रविवारी बाई तीन जिने चढून आमच्या खोलीत आल्या. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर होती. बाई तिच्याखाली चटईवर बसल्या, चिठ्ठ्या काढल्या आणि कुजबुजल्या, "आपलं पूर्ण नाव?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. यंत्रांच्या आवाजात वीस वर्षं काढून त्यांचे कान गेले होते. बाईंनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग बाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि अशा आवाजात विचारलं की गॅलरीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी बाई तासभर ओरडत होत्या. गाव, साल, खातं, मुकादम काय म्हणाला, सगळं.

"हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की ऐकलंत?"

"पाह्यलं कसलं बाई," वडील म्हणाले. "भोगलं. आमचं उष्टं त्यास्नी चालत न्हवतं."

'भोगलं' हा शब्द बाईंनी जसाच्या तसा लिहिला. सगळं एका कागदावर उतरवून मोठ्यानं वाचून दाखवलं, खाली वडिलांचा अंगठा घेतला, चहा घेतला आणि गेल्या. पुढे दोन दिवस त्यांचा घसा बसला होता.

सरांनी तो कागद दोनदा वाचला. "तळटीप द्या," एवढंच म्हणाले. अंक आला तेव्हा वडिलांनी निबंध ऐकून घेतला नाही. "खालचं वाच," म्हणाले. खाली त्यांचं नाव, गाव, आणि 'स्वतः भोगलेले' असं बारीक टायपात छापलं होतं. ते त्यांनी माझ्याकडून चारदा वाचून घेतलं, आणि मग अंक घेऊन शेजारी गेले.

बाई पुढे निवृत्त झाल्या. त्या वारल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं, तेही उडत उडत, आणि फार वाईट वाटलं. आज हे लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, की त्यांचं माहेर कुठलं, ग्रंथालयात त्या कधी आल्या, घरी त्यांची वाट पाहणारं कोणी होतं का, यातलं मला काहीच ठाऊक नाही. चार वर्षं मी त्यांच्या टेबलासमोर बसलो. माझ्या बापाचं पूर्ण नाव विचारायला त्या नायगावला आल्या, आणि मी त्यांना त्यांचं कधी विचारलं नाही.