चौकीसमोरून जाणारा रस्ता

तुरेइन आमच्या घरात राहायला आला त्या आठवड्यातच मी ओळखलं, हा पोरगा स्वतःच्या सावलीलाही बिचकणारा आहे. दारावर टकटक झाली की हातातला घास खाली ठेवायचा आणि पार्सलवाला निघून गेल्याशिवाय पुन्हा जेवायचा नाही. फुकुओकातल्या या जुन्या घरात आम्ही सगळे बर्मी. कोणी भाषाशाळेत जपानी शिकणारे, कोणी माझ्यासारखे शिकून इथंच चिकटलेले. मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते आणि वयाने मोठी म्हणून घरात सगळ्यांना दटावते.

तो म्यानमारमधल्या मोन्युवा शहरातला. तिकडे त्याच्या वयाच्या पोरांना रस्त्यावरून उचलून सैन्यात घालायला लागले, तेव्हा आईने चहाचं दुकान विकलं आणि त्याला इकडे शिकायला पाठवलं. इथला व्हिसा शाळेच्या हजेरीवर. हजेरी घसरली की व्हिसा वाढत नाही, आणि परत गेला की खांद्यावर बंदूक. एवढं त्याला तोंडपाठ होतं. क्रियापदं मात्र पाठ होत नव्हती.

आमच्यात सायकल सहसा कोणी विकत घेत नाही. जाणारा येणाऱ्याला देऊन जातो, थोरल्याचा सदरा धाकट्याला यावा तशी. ओसाकाला निघालेल्या को सितूने आपली सायकल अशीच तुरेइनला दिली. इथं सायकलचीही पोलिसांत नोंद असते, ती कोणाच्या नावावर आहे हे बघायचं असतं, आणि दर वर्षी कोणीतरी ते विसरतंच.

एके दुपारी शाळेतून येताना स्टेशनसमोरच्या चौकीतल्या पोलिसाने हात वर केला. "जरा थांबता का?" एवढंच म्हणाला. तुरेइनने सायकल तिथंच टाकली आणि पळाला. घरी आला तो घामाने निथळत, एका पायात बूट.

"पळालास कशाला रे, शहाण्या? आता त्याला वाटेल सायकल चोरीचीच आहे."

"ताई, आमच्याकडे थांबलेला माणूस घरी परत येत नाही."

मी त्याच्या हातात टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं पोट दुखायला लागलं. मग डोकं. शाळेचा रस्ता चौकीसमोरूनच जातो, त्याला इलाज नाही. त्याच्या खोलीतला को फ्यो रोज सकाळी बूट घालताना ओरडायचा, "बाईंना काय सांगू? साहेब पलंगावरच शिक्षण घेतायत म्हणून?" तुरेइन पांघरूण आणखी वर ओढायचा. शेवटी शाळेतल्या बाईंचाच फोन आला. त्या नरमपणे बोलल्या, पण अर्थ सरळ होता. आणखी काही दिवस असेच गेले, तर हजेरीचं वर कळवावं लागेल.

माझं डोकंच फिरलं. "अरे, वाघाच्या भीतीने वाघाच्याच गुहेत लपतोयस तू. चौकीत तुला कोणी खाणार नाही, पण या पांघरुणात बसून नक्की परत जाशील. ऊठ."

तो टॉवेलात तोंड घालून रडला. मग उठला. खरं सांगते, या देशात इतकी वर्षं काढली, पण चौकीची पायरी मी कधी चढले नव्हते.

सायकल चौकीच्या भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती. पोलीस तोच, जेमतेम तुरेइनच्याच वयाचा. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, तुरेइनचं रहिवासी कार्ड मागितलं, सायकलचा नंबर फोनवर वाचून दाखवला आणि आम्ही वाट बघत बसलो. तुरेइनने माझ्या स्वेटरची बाही घट्ट धरली होती. पलीकडून उत्तर येईना. मी मनात पटापट जपानी वाक्यं जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं.

"चोरीची तक्रार नाही," फोन ठेवून तो म्हणाला. "नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि दिवा फुटलाय, तो दुरुस्त करा. त्यासाठीच थांबवलं होतं." मग त्याने विचारलं, "तुम्ही पळालात का?"

शाळेत अजून हवामान आणि आवडते पदार्थ, एवढंच शिकवून झालं होतं. "भीती," तुरेइन म्हणाला.

"कशाची?"

तुरेइनने बोट त्याच्या गणवेशाकडे केलं. पोलीस आपल्याच छातीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सावकाश जा."

घरी येताच मी भात टाकला, चहाच्या पानांचं लोणचं काढलं. को फ्यो म्हणाला, "साहेब सुटले वाटतं." तुरेइन पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यावर हसला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. मी स्वतः पोलिसांकडे जाऊन आलो, असं त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"कितीजण होते?"

"एकच, आई. खुर्ची दिली त्याने. उद्यापासून शाळेत जाणार मी."

"शर्ट काढ."

"अगं, काही केलं नाही त्यांनी."

"काढ म्हणते ना."

त्याने काढला. "पाठ कर," ती म्हणाली. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीतल्या उजेडात पाठ करून उभा राहिला. आई कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "आता वळ. पोटही दाखव."