उडाल्याशिवाय फोडायचं नाही

किस्से आणि भंगार यांचं सारखंच असतं. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, आपोआप साठतं; घरात ठेवायला जागा नसते आणि टाकवतही नाही. आमच्या घरी मी नुसतं 'शहाड' म्हटलं की सून गॅसवर काहीतरी बघायला उठते! तुम्ही नवीन आहात, बसा निवांत. चहा येतोय.

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा कल्याणच्या आसपास लष्कराच्या छावण्याच छावण्या होत्या. गोरे गेले, माल राहिला आणि भंगार म्हणून लिलावात निघाला. शहाडला उल्हास नदीच्या काठी हरीदादांची भातशेती होती. लढाईत ती लष्कराने घेतलेली. परत मिळाली तेव्हा नांगराला माती कमी आणि खिळे, तारा, पत्रेच जास्त लागायला लागले. दादा म्हणाले, "लोखंड पिकतंय ना? मग लोखंड विकू!"

अशी वखार सुरू झाली आणि मी मॅट्रिक होऊन तिथे वजनकाट्यावर लागलो. पुढे आमचा माल मुंबई बंदरातून बोटीने पार जपानला जायला लागला. पण वखारीत बसलं की सगळं जग डुलकी काढतंय असं वाटायचं. दुपारी पत्रे तापायचे, त्यांच्यावरची हवा हलायची आणि नदीपलीकडची झाडं पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. संध्याकाळी तेच पत्रे गार होताना सगळा ढीग टिकटिक वाजायचा. अजून कधीकधी झोपेत मला तो आवाज येतो.

* * *

पहिल्याच लॉटमध्ये छावणीतलं एक भिंतीवरचं घड्याळ होतं. बंद पडलेलं. रघूने त्यावर घण घातला. रघू म्हणजे आमचा फोडणारा गडी, माणदेशातला, रेडा आडवा करील असा. घण बसला आणि घड्याळाने टण्णकन एक ठोका दिला! मग गप्प झालं.

दादा बाजेवर आडवे होते, ते ताडकन उठून बसले.

"अरे, जिवंत होतं की रे ते!"

"व्हतं," रघू म्हणाला. "आता त्याचं बारा वाजलं."

"बारा कुठे, एकच वाजला. अकरा राहिले ना त्याचे!"

त्या दिवशी दादा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून नियम सांगितला. "यापुढे कुठलीही वस्तू फोडायच्या आधी तिचं काम तिला एकदा करू द्यायचं. शेवटचं. मग खुशाल फोडा."

झालं! कंदील आला की पेटवायचा, पंखा आला की हाताने का होईना फिरवायचा, शिवणयंत्रावर एक टीप मारायची. बिगुल आला तो रघूने फुंकला, तर नदीत डुंबणाऱ्या सगळ्या म्हशी उठून उभ्या राहिल्या! गावातले लोक आम्हाला हसायचे. हसू देत.

* * *

एकदा लष्करी भटारखान्यातला हंडा आला. आत माणूस बसेल एवढा. त्याचं काम काय, तर पोटं भरणं. दादांनी तांदूळ-डाळ मागवली, सगळ्या वखारीने खिचडी खाल्ली. रघू तर हंड्यालाच टेकून लवंडला.

मी म्हटलं, "रघू, ऊठ आता. हंडा फोडायचाय."

त्याने एकच डोळा उघडला. "काम झाल्याबिगर कसा फोडू? माजं प्वाट कुठं भरलंय?"

तो हंडा पुढे कितीतरी दिवस रोज शेवटचं काम करत होता!

* * *

मग तो फोन आला. काळा, जडशीळ, बेकेलाइटचा. वायर मुळापासून कापलेली. पण नियम म्हणजे नियम. दादा म्हणाले, "बोला कुणीतरी."

पहिला रघू. रिसीव्हर कानाला लावून ओरडला, "आये, म्हस व्याली का गं?" त्याच्या गावाला फोन सोडा, धड रस्ता नव्हता. आम्ही पोट धरून हसलो.

तिथे होतचंदभाई बसला होता. फाळणीत शिकारपूरहून आलेला, निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत राहायचा आणि आमच्याकडून पत्रे नेऊन ट्रंका बनवायचा. तो म्हणाला, "मी बोलू?"

सिंधीत बोलत होता, हळू आवाजात. आम्हाला कळत काहीच नव्हतं. मध्येच थांबायचा, ऐकायचा, मान हलवायचा, एकदा तर छान हसलासुद्धा. बराच वेळ चाललं होतं. मग त्याने फोन ठेवला, डोळे पुसले आणि दादांना म्हणाला, "हो गया. आता फोडा."

रघूने घण उचलला.

"अरे, रुको रुको!" होतचंदभाई ओरडला. "इथला पत्ता द्यायचा राहिला!"

परत फोन उचलून त्याने बराकीचा पत्ता सावकाश, दोनदा सांगितला. समोरचा लिहून घेतोय, अशा बेताने. रघू घण खाली ठेवून तंबाखू मळत बसला.

* * *

आता विमान. नेवाळीच्या धावपट्टीवर लढाईतलं एक विमान पडून होतं. पंख नाहीत, इंजिन नाही, नुसतं धड. तो लॉट दादांनी आणि मणिलालशेठनी मिळून घेतला. शेठचा मुंबईत ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा कारखाना. ठरलं असं की लोखंड दादांचं, ॲल्युमिनियम शेठचं. बैलजोड्या लावून धड वखारीत आणलं तेव्हा सगळं शहाड बघायला लोटलं होतं.

त्याच वर्षी नदीला पूर आला आणि बायजाकाकीची झोपडी गेली. काकी आमच्याकडे पितळ-तांबं निवडायला यायची. शहाडचीच, आगरी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ती भिजलेली एक गोधडी घेऊन वखारीत येऊन बसली. दादा म्हणाले, "काकी, विमानात राहा. शेठ न्यायला येईपर्यंत तुझंच."

काकीने दाराशी चूल मांडली, शेपटीला दोरी बांधून लुगडी वाळत घातली आणि पायलटच्या जागेवर डब्यातली तुळस ठेवली. त्या काचेतून नदी दिसायची. कोपर गावाला तिची बहीण होती, तिचं कार्ड यायचं. पत्ता: 'बायजाबाई, विमान, शहाड.' पोस्टमन लांबूनच ओरडायचा, "काकी, एअर मेल!"

मी एकदा विचारलं, "काकी, विमानात झोप लागते का?"

"लागते की. डोला लागला का वाटतं, आता निंगल."

"कुठे?"

"जाईल तिकरं जाईल! मना काय, आत पानी येत नाय, बस झाला."

* * *

मध्येच एक छोटासा सांगतो. ठाण्याच्या बाजारातून मी पुतणीला चावीची मोटार आणली होती. पत्र्याची, लालभडक, जपानी. तिने ती आठवड्यात खिळखिळी केली. मी वखारीत नेऊन उघडली, तर पत्र्याच्या आतल्या बाजूला नारळाचं झाड आणि देवनागरीत अर्धवट 'शुद्ध'! आपल्याकडचा तेलाचा डबा हो! चेपून जपानला गेला आणि मोटार होऊन परत आला.

दादा ती मोटार उलटसुलट करून बघतच राहिले. मी नियमाप्रमाणे चावी दिली. काट्यावरून तुरुतुरु धावली बिचारी आणि पलीकडे पडली. रघू घण घेऊन निघाला तर काकी आडवी आली.

"हात नको लावू! सासरशी आलेय ती. चार दीस माहेरपन करू दे."

* * *

मणिलालशेठ पावसाळा सरला की यायचे. विमानाला बोटाने टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "किती पातेली झोपली आहेत आत!"

माणूस वाईट नव्हता. त्याचा माल होता, त्याला तो हवा होता. दादा दरवेळी हात जोडून म्हणायचे, "न्या की शेठ, तुमचंच आहे. फक्त वखारीचा नियम आहे. एकदा उडू दे, मग फोडू."

"पंख नाय, इंजिन नाय! उडणार कसा?"

"म्हणून तर थांबलोय!"

आम्ही हसायचो, पण काकी हसायची नाही. शेठची मोटार दिसली की ती दारात येऊन उभी राहायची, पदर तोंडाशी धरून. शेठ गेल्यावर मला म्हणायची, "पोरा, यो घर गेला तर मी कुठं जाऊ रं?" आम्ही स्वतः डोंबिवलीत एका खोलीत सात जण राहत होतो.

आणि मग एका वर्षी वाफेवरची जुनी क्रेन भंगारात आली. लढाईतला रुळांचा एक फाटा वखारीत होता, त्यावरून ढकलत आणली. बॉयलर गळत होता, तरी एक दम निघेल एवढी धुगधुगी होती. नेमके शेठ त्या दिवशी आलेले. त्यांनी क्रेनकडे बघितलं, विमानाकडे बघितलं आणि टाळी वाजवली.

"दादा, क्रेनचा काम काय? उचलायचा. तर मग विमान उचला! क्रेनचा काम झाला, विमान पण उडाला. दोघांना फोडा!"

शेठच्या बोलण्यात बोट ठेवायला जागाच नव्हती. नियम दादांचा, त्यात दादाच अडकले. ते खालच्या आवाजात म्हणाले, "काकी, सामान काढून घे."

काकी आत गेली ती बाहेर येईना. बघतो तर पायलटच्या जागेवर बसलेली, तुळस मांडीवर.

"मी नाय उतरनार. माजा घर जाईल तिकरं मी पन जाईन."

दादांनी विनवलं, शेठनी विनवलं. छे! शेवटी रघूने बॉयलर पेटवला. धडाला साखळ्या घातल्या. क्रेन कण्हली, थरथरली, आणि इतक्या वर्षांचा चिखल सोडून विमान उठलं. गुडघाभर, कमरेएवढं, पुरुषभर, आणखी वर. नदीवरून वारा आला आणि विमानाने सावकाश तोंड फिरवलं, नदीकडे. शेपटीची लुगडी फडफडत होती. उन्हाने सगळं धड उजळलं होतं. काचेमागे काकी दिसत होती, एक हात काचेवर ठेवलेला, तोंड उघडं. तुम्हाला खरं सांगतो, मला वाटलं, आता साखळ्या गळून पडतील आणि हे जाईल. मी मनात म्हटलंसुद्धा, जा!

क्रेनचा दम सरला. विमान हळूहळू खाली टेकलं.

"उडाला!" शेठ म्हणाले.

"आपण खाली होतो, शेठ," दादा म्हणाले. "आत ती होती. तिला विचारू."

"बराबर. बाई देवाला घाबरणारी आहे, खोटा नाय बोलणार. विचारा."

काकी दारात आली. केस विस्कटलेले, डोळे भरलेले, कडेवर तुळस. रघू घण धरून उभा होता, मान खाली घालून. दादा पुढे झाले.

"काकी, खरं सांग. उडालं का?"

काकीने शेठकडे बघितलं. मग वळून वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा विमानाच्या पत्र्यावरून हात फिरवला.

"अजून नाय," ती म्हणाली. "पन शिकतंय!"