वजन टेकल्याचा आवाज

चीफकाकांचा कुणाच्याही शब्दावर विश्वास नव्हता. निदान जिन्यावरच्या शब्दावर तरी नव्हताच. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या आमच्या ब्लॉकमधली लिफ्ट बंद असली आणि कुणी ओझं घेऊन जिना उतरू लागलं, की समोरच्या फ्लॅटचं दार उघडायचं आणि लुंगी-बनियनमधले काका कठड्याशी येऊन उभे राहायचे. "उतरलात?" अशी हाक यायची. आपण "हो" म्हटलं तरी ते हलत नसत. ओझं खाली टेकल्याचा आवाज कानावर आला, की मगच त्यांचं दार लागायचं. त्यामुळे साधी रद्दीसुद्धा मला खाली जाऊन दाणकन आपटावी लागे. हा म्हातारा भलताच भोचक आहे, असं माझं सुरुवातीचं मत होतं.

काका मूळचे दापोलीकडचे. सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, चीफ इंजिनिअर झाले आणि शेवटी इथल्याच एका दुरुस्तीच्या यार्डात टिकले. काकू गेलेल्या. एकुलती एक मुलगी अनघा कॅनडात, नवऱ्याच्या सफरचंदाच्या शेतावर. त्यामुळे माझ्या हातची आमटी आणि आमची लेक मिहिका, या दोन्हींवर काकांनी हक्कच सांगून टाकला होता. मिहिकेच्या तुटलेल्या खेळण्यांचा दवाखाना त्यांच्या स्वयंपाकघरात चाले.

ते चिडलेले मी एकदाच पाहिले. मिहिका खेळण्यांचं खोकं घेऊन खाली चालली होती. वरून "उतरलीस?" आलं आणि तिने अर्ध्या जिन्यातूनच इथल्या शाळकरी इंग्रजीत ठोकून दिलं, "रीच्ड ऑलरेडी ला, चीफकाका!" काकांनी वाकून पाहिलं, तर पोर मधल्याच पायरीवर. ते असे काही ओरडले, की मजल्यावरची सगळी दारं उघडली. मिहिका रडायला लागली. मी तरातरा भांडायला बाहेर आले, तर काकाच पायरीवर मटकन बसले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी सदाची गोष्ट सांगितली. काका तेव्हा सेकंड इंजिनिअर. सदा त्यांच्या हाताखालचा खलाशी, गावाकडचाच. इंजिनरूमच्या उभ्या लोखंडी शिडीवरून तो खांद्यावर वजन घेऊन उतरत होता. काकांनी वरून विचारलं, "सदा, उतरलास?" खालून आवाज आला, "उतरलो, साब." काका चहाला वळले. आणि मग खाली वजन पडल्याचा आवाज झाला.

"दोन आवाज झाले," काका म्हणाले. "पहिला तो पडल्याचा, दुसरा वजनाचा. जागीच गेला." पुढे म्हणाले, "माझा चहा निवेल म्हणून त्याने आधीच सांगितलं गं. दुसऱ्याला काळजी नको, म्हणून माणूस खोटं बोलतो. वजन नाही बोलत." मग जिन्याकडे बोट दाखवून अगदी सहज म्हणाले, "अजून ऐकू येतो मला तो. या जिन्यातसुद्धा." मी हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर वळणावरून उतरताना माझी पावलं आपोआप भराभर पडायला लागली.

अनघाला दिवस गेले आणि काकांची झोप उडाली. तिच्या घराची ऊब तळघरातल्या भट्टीवर. भट्टीला लागणारी लाकडं अंगणातून, बर्फ साचलेल्या दगडी पायऱ्यांवरून खाली न्यायची. नवरा आठवडाभर बाहेरगावी कामाला, म्हणजे नेणारी हीच. व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "बाबा, आता मी लाकडं उचलत नाही." काका म्हणाले, "फोन खाली जमिनीकडे कर." पायाशी लाकडांची मोळी होती.

दुसऱ्या दिवसापासून काकांचं स्वयंपाकघर म्हणजे कारखाना झाला. अनघाकडे एक म्हातारा ट्रॅक्टर होता, पुढे वजन उचलायचे दोन हात असलेला. त्या हातांवर बसेल असा लाकडांचा पिंजरा आणि तळघराच्या खिडकीतून आत उतरणारी पत्र्याची घसरगुंडी, असं त्यांनी पुठ्ठ्याचं करून पाहिलं. पिंजऱ्याच्या दाराची कडी यार्डातल्या लिम अंकलनी बनवून दिली. ते काकांना चिडवत, "चीफ, सिंगापूर वेअर गॉट विंटर? यू मॅड ऑलरेडी!" आणि मग तीच कडी पुन्हा घासून गुळगुळीत करून देत. कडी पार्सलने गेली. बाकीचं जावयाने सुटीच्या दिवशी काकांच्या चित्रांवरून वेल्डिंग करून जोडलं.

पहिला प्रयोग आम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिला, तो साफ फसला. कडी सुटली, लाकडं एकदम कोसळली आणि खिडकीच्या तोंडाशी आडवीतिडवी अडकून बसली. ती सोडवायला अनघालाच त्या पायऱ्यांनी खाली जावं लागलं. ती वर येईपर्यंत काका माझ्या हाताला घट्ट धरून होते. मग कपाळावर हात मारून घेतला. "सगळा जन्म तेल पाहिलं मी. नळीचं तोंड दाखवलं की ते आपलं आपण जातं. लाकडाला वळण लावावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही!" पुन्हा पुठ्ठे आले, आमच्या चमच्यांची लाकडं झाली. पिंजरा हळूहळू कलेल आणि मधल्या पट्ट्यांमुळे लाकडं सरळ रांगेत घसरतील, असं नवं दार तयार झालं.

दुसऱ्या वेळी अनघा ट्रॅक्टरवर बसून होती, पायऱ्यांवर कुणी नव्हतं. तिने दोरी ओढली. काकांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून कान दिला. खडखडाट झाला आणि तळघराच्या जमिनीवर एकेक लाकूड टेकल्याचे आवाज आले. शेवटचं टेकलं तेव्हा काका हलकेच म्हणाले, "उतरलं." ते अनघाला म्हणाले की आणखी कुणाला, मला अजून ठाऊक नाही.

तिकडच्या त्याच हिवाळ्यात काका इथे झोपेतच गेले. अनघाचे दिवस भरत आले होते. विमानात बसू देईनात. इथल्या मंडाई भागातल्या स्मशानात मीच तिला फोनवर धरून उभी होते. तिथे सगळं यंत्राने होतं. आपण काचेमागे उभं राहायचं, पेटी आपोआप सरकत पुढे जाते, दार उघडतं, दार मिटतं. मला फार रडू येत होतं. पण त्याहून जास्त मला चुकीचं वाटत होतं ते त्या काचेतून काहीही ऐकू न येणं.

दार मिटलं. फोनमधून अनघाने विचारलं, "ताई, पोहोचले का गं बाबा?"

"हो" माझ्या तोंडावर आलं होतं. पोरीला आणखी त्रास नको, एवढंच मनात होतं. आणि मला सदा आठवला.

"थांब," मी म्हटलं. "अजून आवाज नाही आला."

ती थांबली. मीही काचेला कान लावून उभी राहिले. मागून लिम अंकलनी खांद्यावर हात ठेवला, तरी मी तशीच उभी होते.